पंधरा पेपर नकोत, आधी एक पेपर नीट हवा

प्रश्न असा आला आहे: "आम्ही पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात फायनल इयर कॉम्प्युटरला आहोत. चौघांचा ग्रुप आहे. विषय आहे मराठी ट्वीटमधली भावना ओळखणं, म्हणजे सेंटिमेंट ॲनालिसिस. गाइड सरांनी पहिल्या रिव्ह्यूला 'किमान पंधरा पेपर वाचून या' असं सांगितलंय. गूगल केलं की ब्लॉग येतात, नाहीतर पैसे मागणारी पानं. चांगला पेपर ओळखायचा कसा, मिळवायचा कसा आणि रिपोर्टमध्ये रेफरन्स द्यायचे कसे?"

पंधरा हा आकडा काही दिवस बाजूला ठेवा. फायनल इयरचे प्रोजेक्ट गाइड करायला लागून मला वीस वर्षं झाली आणि पहिल्या रिव्ह्यूला दरवर्षी एकच दृश्य दिसतं. आदल्या रात्री ग्रुपमधला एकजण विषयाचं नाव सर्चमध्ये टाकतो, वरचे पंधरा पेपर उचलतो आणि प्रत्येकाचा ॲब्स्ट्रॅक्ट, म्हणजे सुरुवातीचा सारांश, कोष्टकात चिकटवतो. मी फक्त एवढंच विचारते, "यातला चौथा पेपर काय म्हणतोय? तुमच्या शब्दांत सांगा." चौघंही एकमेकांकडे बघतात. मुलं हुशार असतात आणि मेहनतही करतात, पण पेपर शोधायचा म्हणजे नेमकं काय करायचं हे त्यांना कुणी करून दाखवलेलंच नसतं. म्हणून तुमचाच विषय घेऊन दाखवते.

सुरुवात एका पेपरपासून करा. तुमच्या विषयात तो पेपर पुण्यातच तयार झालाय. इथल्या एल-थ्री-क्यूब या गटाने २०२१ मध्ये 'महासेंट' नावाचा मराठी ट्वीटचा डेटासेट प्रसिद्ध केला. त्यात सुमारे १६ हजार ट्वीट आहेत आणि प्रत्येकावर सकारात्मक, नकारात्मक किंवा तटस्थ असा शिक्का आहे. पेपर एसीएल अँथॉलॉजीवर फुकट मिळतो. भाषा-संगणनातले महत्त्वाचे पेपर याच साइटवर असतात आणि तिथे कुणी पैसे मागत नाही.

हा पेपर चौघांनीही पूर्ण वाचा. वाचताना एका वाक्यापाशी थांबा: हे ट्वीट महाराष्ट्रातल्या नामवंत व्यक्तींच्या खात्यांवरून घेतले आहेत. आता विचार करा. नामवंत माणूस ट्वीट कसं लिहितो? जपून, शुद्ध भाषेत, बरेचदा शुभेच्छा नाहीतर श्रद्धांजली. स्वारगेटला बस चुकलेला मुलगा रोमन लिपीत, अर्धं हिंदी अर्धं मराठी जे लिहील, ते यात कितपत असेल? हा प्रश्न तुम्हाला पडला की तुमच्या प्रोजेक्टला स्वतःचा मुद्दा मिळाला. गाइड ज्याला 'रिसर्च गॅप' म्हणतात तो असाच सापडतो, डेटा कुठून आला ते वाचताना. ॲब्स्ट्रॅक्ट चिकटवून तो मिळत नाही.

आता या पेपरपासून दोन्ही दिशांना निघा. मागे जायचं म्हणजे शेवटची रेफरन्सची यादी बघायची. पण यादी वरून खाली वाचत बसू नका. पेपरच्या मजकुरात ज्या कामाचा उल्लेख दोन-तीनदा आलाय, ज्याच्याशी निकालांची तुलना केलीय, ते आधी घ्या. या वाटेने तुम्ही बर्ट या गूगलच्या भाषा-मॉडेलपर्यंत याल, भारतीय भाषांसाठी २०२० मध्ये आलेल्या इंडिकबर्टपर्यंत याल. आणखी मागे गेलात तर २००२ मध्ये बो पँग, लिलियन ली आणि शिवकुमार वैद्यनाथन यांनी चित्रपट-परीक्षणांवर केलेलं काम भेटेल. या विषयाचं एक मूळ तिथे आहे.

पुढे जायचं म्हणजे गूगल स्कॉलर या पेपर शोधायच्या साइटवर त्याच पेपरच्या खाली 'सायटेड बाय' असं लिहिलेलं असतं, त्यावर क्लिक करायचं. २०२१ नंतर ज्यांनी ज्यांनी या पेपरचा आधार घेतला, ते सगळे समोर येतात. बऱ्याच मुलांच्या नजरेतून एक सोय सुटते: त्या यादीच्या वर एक चौकट असते, तिच्यावर खूण केली की फक्त त्या पेपरांच्या आत शोधता येतं. तिथे 'कोड-मिक्स्ड' (दोन भाषा मिसळून लिहिलेलं) टाका, म्हणजे शेकडोंतून कामाचे मोजके उरतील. या मागे-पुढे जाण्याला स्नोबॉलिंग म्हणतात. क्लास वोलिन या स्वीडिश संशोधकाने २०१४ मध्ये त्याची शिस्तशीर रीत लिहून ठेवली आहे, पण फायनल इयरला एवढं कळलं तरी पुरे. कधी थांबायचं? नवा पेपर उघडल्यावर त्याच्या यादीतली बहुतेक नावं ओळखीची वाटू लागली की थांबा. तोपर्यंत पंधराचा आकडा कधीच मागे पडलेला असेल.

शब्द बदलून शोधणंही महत्त्वाचं आहे. आज ज्याला सेंटिमेंट ॲनालिसिस म्हणतात, त्यालाच जुन्या पेपरांत 'ओपिनियन मायनिंग' म्हणायचे, कुठे 'पोलॅरिटी क्लासिफिकेशन'. मराठीचं नाव शीर्षकात नसलं तरी 'इंडिक लँग्वेजेस' किंवा 'लो-रिसोर्स' (ज्या भाषांचा डेटा कमी आहे त्या) या शब्दांआड मराठी दडलेली असते. प्रत्येक पेपर वाचताना त्यांनी वापरलेला नवा शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहीत चला आणि पुढच्या वेळी तोच सर्चमध्ये टाका.

वहीवरून आठवलं. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने अप्पा बळवंत चौकातून आणलेली साधी लांब वही ठेवली होती. डाव्या पानावर पेपरचं शीर्षक, लेखक, वर्ष, कुठे छापला आणि डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक. उजव्या पानावर चारच ओळी: यांनी काय विचारलं, कोणत्या डेटावर तपासलं, निकालाचा आकडा किती आणि तो कोणत्या पानावर आहे, आणि मला काय पटलं नाही. चौथी ओळ लाल शाईत. मे महिन्यात रिपोर्ट लिहायची वेळ आली तेव्हा बाकीचे ग्रुप 'तो आकडा कुठल्या पेपरात होता' म्हणून रात्रभर पीडीएफ चाळत होते आणि हिचा लिटरेचर सर्व्हे त्या लाल ओळींवरून दोन दिवसांत लिहून झाला. वहीऐवजी झोटेरो हे रेफरन्स सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरा, ते फुकट आहे आणि उत्तम आहे. पण चौथी ओळ सोडू नका.

सगळे पेपर पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचायचे नसतात. एस. केशव यांनी २००७ मध्ये तीन फेऱ्यांची रीत सांगितली आहे. पहिल्या फेरीत शीर्षक, ॲब्स्ट्रॅक्ट, प्रस्तावना, मथळे आणि निष्कर्ष, पाच-दहा मिनिटांत. दुसऱ्या फेरीत आकृत्या आणि कोष्टकं नीट बघत मजकूर. तिसऱ्या फेरीत प्रत्येक पायरी स्वतः करतोय असं समजून वाचायचं. तुम्हाला तिसरी फेरी तीन किंवा चार पेपरांसाठीच लागेल.

आता चांगला पेपर ओळखायचा कसा. इथे आपल्या शाखेची एक गोष्ट ध्यानात ठेवा. बाकीच्या बहुतेक शास्त्रांत जर्नलला मान मोठा असतो, परिषदेत नुसतं बोलायचं असतं. कॉम्प्युटर सायन्समध्ये मोठ्या परिषदांचे पेपर कडक परीक्षणातून जातात आणि कित्येकदा जर्नलपेक्षा वजनदार ठरतात. भाषेसाठी एसीएल आणि ईएमएनएलपी, मशिन लर्निंगसाठी न्यूरिप्स आणि आयसीएमएल, चित्रांसाठी सीव्हीपीआर, डेटाबेससाठी सिगमॉड आणि व्हीएलडीबी. पण 'इंटरनॅशनल कॉन्फरन्स' हे शब्द कुणीही फलकावर लिहू शकतो, म्हणून नाव ऐकून हुरळून जाऊ नका. परीक्षण समितीत कोण आहेत ते बघा. तिथले पेपर पुढे कुणी आधाराला घेतलेत का, ते बघा.

या बाबतीत आपल्या विद्यापीठाचा इतिहास प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असायला हवा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीवरून शिरलेल्या नियतकालिकांची तपासणी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला की त्यांनी छाननी केलेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिकं निकृष्ट दर्जाची असू शकतात. त्यानंतर यूजीसी-केअर यादी आली, तिचं कामही याच विद्यापीठातून चालायचं. २०२५ मध्ये यूजीसीने तीही बंद केली आणि पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर आणि संशोधकांवर टाकली. म्हणजे आता कुणाची तयार यादी हातात नाही, तुम्हालाच बघायला शिकावं लागेल.

माझ्या एका ग्रुपने मला न विचारता अशाच एका नियतकालिकाला पैसे भरले, कारण व्हॉट्सॲपवर 'तीन दिवसांत प्रकाशन, सर्टिफिकेट सोबत' असं आलं होतं. पेपर खरंच तीन दिवसांत छापून आला. दुसऱ्या पानावर मुलांनी स्वतःसाठी लिहून ठेवलेली 'इथे रेफरन्स टाकायचा आहे' ही सूचनाही जशीच्या तशी छापलेली होती. कुणीही, अगदी एकानेही, तो वाचला नव्हता. मुलांचे पैसे गेले याचं वाईट वाटलंच. त्याहून जास्त वाईट याचं वाटलं की त्यांचं काम बरं होतं आणि ते अशा जागी जाऊन पडलं. असे पेपर तुमच्या सर्व्हेतही घेऊ नका. त्यातल्या आकड्यांवर तुमचे आकडे उभे राहतात.

पैसे मागणाऱ्या पानांचं म्हणाल तर बहुतेक वेळा पैसे लागतच नाहीत. गूगल स्कॉलरवर पेपरच्या खाली 'ऑल व्हर्जन्स' असतं, तिथे लेखकाच्या स्वतःच्या पानावरची किंवा आर्काइव्ह या पेपर खुले ठेवणाऱ्या साइटवरची प्रत सापडते. यूझनिक्स, एसीएम आणि आयट्रिपलई या आपल्या क्षेत्रातल्या पेपर छापणाऱ्या मोठ्या संस्था. यूझनिक्सने आपल्या परिषदांचे पेपर २००८ पासून सगळ्यांना खुले ठेवलेत. एसीएमने १९५१ ते २००० या काळातलं सगळं २०२२ मध्ये खुलं केलं, त्यामुळे रिलेशनल डेटाबेसचा पाया घालणारा कॉड यांचा १९७०चा मूळ पेपर तुम्ही घरी बसून वाचू शकता. आयट्रिपलईसाठी मात्र कॉलेजच्या ग्रंथपालांना भेटा. सबस्क्रिप्शन कशाकशाचं आहे आणि कॅम्पसबाहेरून लॉग-इन मिळतं का, हे त्यांना नेमकं माहीत असतं आणि ते विचारायला जवळजवळ कुणी जात नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. ती सुरू झाली सरकारी संस्थांसाठी. तुमचं कॉलेज खाजगी असेल तर सरकारी कॉलेजातल्या मित्राचा पासवर्ड मागू नका, सरळ लेखकाला लिहा. पहिल्या पानावर ई-मेल असतो. दोन ओळी पुरतात: आम्ही कोण, काय करतोय, प्रत मिळेल का. आपलं काम कुणीतरी वाचतंय याचा लेखकाला आनंद होतो. माझ्या विद्यार्थ्यांना अशा मेलला पेपरसोबत डेटा आणि कोडही मिळालेला आहे.

आता रेफरन्स द्यायची गोष्ट, आणि इथे मी थोडी कडक आहे. रेफरन्स म्हणजे साक्ष. 'हे मी स्वतः उघडून पाहिलं आणि तिथे असं लिहिलंय' असं तुम्ही वाचणाऱ्याला सांगत असता. न वाचलेल्या पेपरची साक्ष देता येत नाही. २००३ मध्ये सिमकिन आणि रॉयचौधरी यांनी भौतिकशास्त्रातल्या एका गाजलेल्या पेपरचे सुमारे ४,३०० उल्लेख तपासले. १९६ उल्लेखांत पान, खंड किंवा वर्षाचा आकडा चुकलेला होता, आणि त्यातली एकच चूक ७८ ठिकाणी जशीच्या तशी उतरलेली होती. मूळ पेपर हातात घेऊन ७८ जण एकच चूक करत नाहीत. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला की उल्लेख करणाऱ्यांपैकी जेमतेम २० टक्के लोक मूळ पेपर वाचतात.

आता चॅटबॉटमुळे याहून मोठी अडचण आली आहे. एका ग्रुपच्या यादीत एक देखणा रेफरन्स होता. शीर्षक अगदी विषयाला धरून, लेखक खरे, वर्ष, पानं, डीओआय, सगळं होतं. मी डीओआय टाकला तर धातूच्या गंजावरचा पेपर उघडला. त्या शीर्षकाचा पेपर जगात नव्हताच. मुलं खोटं बोलत नव्हती, त्यांना तो खराच वाटला होता. चॅटबॉटला शोधाचे शब्द विचारा, न कळलेलं समीकरण समजावून घ्या, पण रेफरन्स त्याच्याकडून घेऊ नका. यादीतला प्रत्येक डीओआय सबमिशनआधी स्वतः उघडा. पंधरा रेफरन्सना अर्धा तास लागतो.

रेफरन्स कुठे लागतो? दुसऱ्याची कल्पना, आकडा, आकृती, डेटासेट, कोड किंवा त्याचे शब्द घेतले की लागतो. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आहे, यासाठी लागत नाही. आयट्रिपलई पद्धतीत चौकोनी कंसात आकडा येतो आणि मजकुरात ज्या क्रमाने उल्लेख येतात तोच क्रम यादीत राहतो. तो आकडा ज्या विधानासाठी आहे त्याला चिकटून असू द्या. परिच्छेदाच्या शेवटी सहा आकडे एकत्र टांगले तर कोणतं विधान कुणाचं, ते वाचणाऱ्याला कळत नाही. आणि सर्व्हे लिहिताना 'अमुक यांनी हे केलं, तमुक यांनी ते केलं' अशी रांग लावू नका. मुद्दा धरा. उदाहरणार्थ, 'देवनागरीतल्या ट्वीटवर या तिघांनी काम केलं, पण रोमन लिपीतल्या मराठीवर एकानेच, आणि त्याचा डेटा लहान आहे.' एका वाक्यात चार पेपर येतात आणि तुमची जागाही दिसते.

यादी हाताने टाइप करू नका, लेटेक या रिपोर्ट लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये रेफरन्सची यादी आपोआप करणारं बिबटेक वापरा. पण गूगल स्कॉलरने दिलेली बिबटेकची नोंद तपासल्याशिवाय घेऊ नका. बर्टचंच बघा: आर्काइव्हवर तो ऑक्टोबर २०१८ मध्ये आला, छापील पेपर मात्र २०१९ च्या एनएएसीएल परिषदेतला. प्रीप्रिंट, म्हणजे परीक्षणाआधीची प्रत, आणि परीक्षण झालेला पेपर दोन्ही असतील तर दुसऱ्याचा उल्लेख करायचा. डीबीएलपीवर या नोंदी जास्त स्वच्छ मिळतात. जर्मनीत ट्रियर विद्यापीठात १९९३ मध्ये सुरू झालेली ही यादी फक्त आपल्या शाखेचीच आहे. भाषेचे पेपर असतील तर एसीएल अँथॉलॉजीवरचीच नोंद उचला.

आणखी एक चूक मला दर वर्षी दिसते. आयट्रिपलईची स्टाइल लेखाच्या शीर्षकातली मोठी अक्षरं लहान करते. मग छापील यादीत 'मराठी'चा एम लहान आणि 'बर्ट'ची चारही अक्षरं लहान होतात. बिबटेकच्या नोंदीत त्या शब्दाभोवती महिरपी कंस घाला, अक्षरं जशीच्या तशी राहतात. आपल्या भाषेचं नाव आपल्याच रिपोर्टमध्ये लहान अक्षराने छापलेलं मला बघवत नाही.

नावांचीही काळजी घ्या. जोशी, कुलकर्णी, देशपांडे, पाटील आपल्याकडे इतके आहेत की 'ए. कुलकर्णी' म्हणजे कोण, हे नुसत्या यादीवरून कळणं अशक्य. डीबीएलपी एकाच नावाच्या माणसांना क्रमांक देऊन वेगळं करते. बऱ्याच दाक्षिणात्य नावांत आडनाव नसतं, तिथे वडिलांच्या नावाला आडनाव समजून उलटापालट होते. पेपरवर नाव जसं छापलंय तसंच घ्या.

प्रत्येक गोष्टीला पेपर असतोच असं नाही. रस्त्यातले खड्डे ओळखणारा ग्रुप पुण्यात दर वर्षी असतोच, आणि ते बहुधा चित्रातल्या वस्तू ओळखणारं योलो हे मॉडेल वापरतात. पहिल्या योलोचा पेपर २०१६ च्या सीव्हीपीआरमधला आहे, पण २०२० मध्ये आलेल्या योलो-व्ही-फाइव्हसोबत पेपर नव्हता, तो गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरचा कोड होता. अशा वेळी कोडचाच रेफरन्स द्यायचा: कुणी केला, कोणती आवृत्ती, पत्ता, आणि तुम्ही तो कोणत्या तारखेला पाहिला.

सिमिलॅरिटी रिपोर्टबद्दल, म्हणजे तुमचा मजकूर दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती जुळतो ते दाखवणाऱ्या अहवालाबद्दल, मुलांना उगाच भीती असते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि संदर्भसूची त्या मोजणीत धरायची नसते. तुमच्या कॉलेजची मर्यादा वेगळी असू शकते, ती विचारून घ्या. पण टक्का खाली आणण्यासाठी शब्द बदलणारी साधनं वापरू नका. गियोम कबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये छापील पेपरांतून असे पिळवटलेले शब्द गोळा केले. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफीट कॉन्शसनेस' झालेलं होतं. परीक्षकाला असा एक शब्द दिसला की पुढच्या प्रत्येक ओळीवर त्याचा संशय बसतो. पेपर मिटा, वहीतल्या चार ओळी बघा आणि त्यावरून लिहा. शब्द आपोआप तुमचे येतात.

चौघांत काम असं वाटा: महासेंटचा पेपर सगळ्यांनी वाचायचा. मग एकाने मागे जायचं, एकाने पुढे, एकाने रोमन लिपी आणि कोड-मिक्स्डचे शब्द घेऊन शोधायचं, आणि चौथ्याने डीबीएलपीवरून नोंदी तपासून झोटेरोच्या सामायिक फोल्डरमध्ये टाकायच्या. दर शनिवारी कामं अदलाबदल करा. आणि पहिल्या रिव्ह्यूपर्यंत पंधराच्या जागी नऊच पेपर नीट झाले, तर सरांना तसंच सांगा आणि वही पुढे ठेवा.